नेम आणि खाडा

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. ही माहिती पुणेकराला पुस्तकातून मिळत नाही, दम लागल्यावर मिळते. पायऱ्या मोजाव्याशा वाटतात तो दिवस बहुधा १ जानेवारीचा असतो. पहाटे पावणेसहाला पायथ्याशी अशी काही झुंबड उडते की, आज कुठला उत्सव आपल्या लक्षातून राहिला, असा प्रश्न वर देवदेवेश्वरालाही पडावा. बूट इतके कोरे की चालताना करकरतात. मनगटावरचं घड्याळ नाडीचे ठोके सांगतं, रक्तातला प्राणवायू सांगतं, अगदीच विचारलं तर वेळही सांगतं. पन्नासाव्या पायरीवर कठड्याला टेकून एक गृहस्थ "काय सुंदर दिसतं हो इथून!" म्हणत थांबलेले असतात. सूर्य उगवायला अजून तासाहून अधिक अवकाश असतो आणि समोर निव्वळ काळोख असतो. पण शेजारचे काही बोलत नाहीत, कारण तेही त्याच कामासाठी थांबलेले असतात.

वर बाकांवर रोजची मंडळी बसलेली असतात. बहुतेक निवृत्त, डोक्याला कानटोपी, एकाच्या खिशात शेंगदाणे. मे महिन्यात चाकरमानी गावात उतरू लागले की कोकणातला कायमचा रहिवासी ज्या नजरेने एसटीकडे पाहतो, त्याच नजरेने ते या गर्दीकडे पाहतात. राग नाही, कौतुकही नाही. आलेत तसे जातील. आणि जातातच. पहिल्या आठवड्यात उत्साह, दुसऱ्यात गुडघा, आणि मग संक्रांत येते ती थेट गर्दीवरच. तिळगूळ वाटून झाला की बाकावर पुन्हा मांडी घालून बसता येतं.

मराठी भाषेने या सगळ्या प्रकाराची सोय फार पूर्वी एका शब्दात करून ठेवली आहे. नेम. आजीचा पोथी वाचायचा असतो तो नेम, म्हणजे रोज न चुकता करायची गोष्ट. कैरीवर धरतात तोही नेम, म्हणजे जे गाठायचं ते. मग दगड कैरीला लागो की शेजारच्या खिडकीला. आणि "त्याचा काही नेम नाही" म्हटलं की त्या माणसावर विसंबू नये. सवय, ध्येय आणि या दोघांच्या मधे सापडलेला माणूस, तिघांना एकच शब्द पुरतो.

या माणसाची पहिली हौस म्हणजे मुहूर्त. ती केवळ आपल्याकडे आहे असं मात्र नाही. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या तिघांनी २०१४ साली अमेरिकेतली आकडेवारी तपासून दाखवलं की, आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला लोक गूगलवर 'डाएट' जास्त शोधतात, विद्यार्थी जिमकडे जास्त वळतात. नवं सत्र सुरू झालं की तेच, वाढदिवस झाला की तेच. जिमच्या बाबतीत अपवाद एकाच वाढदिवसाचा निघाला: एकविसाव्या. त्या देशात दारू पिण्याचं कायदेशीर वय एकविसाव्या वर्षी सुरू होतं, एवढं सांगितलं की पुरे.

पण मुहूर्तांच्या श्रीमंतीत अमेरिका आपल्यापुढे भिकारी आहे. तिथे १ जानेवारी हुकला की बिचाऱ्याला सोमवारांवर दिवस काढावे लागतात. इथे गुढीपाडवा आहे, अक्षय्य तृतीया आहे, दसरा आहे आणि दिवाळीतला पाडवा अर्धा मुहूर्त म्हणून वर आहे. शिवाय "गणपती होऊन जाऊ देत" आणि "एकदा दिवाळी उरकली की" हे दोन मुहूर्त पंचांगात नसूनही घरोघरी पाळले जातात. या सुबत्तेत एकच खोट आहे. मागून दुसरी बस येताना दिसत असेल, तर पहिली चुकल्याचं दुःख कोण करतं? तेविसाव्या दिवशी पहाटेचा गजर बंद करून कूस बदलणाऱ्याला आपण संकल्प मोडला असं वाटतच नाही. तो फक्त पाडव्यापर्यंत पुढे ढकललेला असतो.

आणि पुढे ढकलताना मधल्या काळाची बेगमी करून ठेवायलाही आपण विसरत नाही. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करायचा, म्हणून आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, कांद्याचं पिठलं आणि भाकरी. चार महिन्यांचा कांदा एका दिवसात सोसणाऱ्या पोटाचं कौतुक करावं तेवढं थोडं. आषाढ अमावास्येला दिव्यांची पूजा होते, आणि त्याच रात्री दुसऱ्या एका वर्गात श्रावणापूर्वीचा जो निरोपसमारंभ चालतो त्याला गटारी म्हणतात. त्याचं वर्णन करण्याची गरज नाही. नावाने काम भागवलं आहे.

गंमत अशी की कांदेनवमीला एवढा गोंधळ घालणारी माणसं दशमीपासून चार महिने खरोखर कांदा खात नाहीत. याच माणसांना "रोज पौष्टिक खायचं" हा संकल्प चार दिवस झेपत नाही. हे नीट पाहण्यासारखं आहे.

"पौष्टिक खायचं" या वाक्याशी रोज हुज्जत घालता येते. शेंगदाण्याची चिक्की पौष्टिक आहे की नाही? बदामाचा शिरा? कांद्याबद्दल हुज्जत चालत नाही. कांदा म्हणजे कांदा. त्यातही भाषेची एक खुबी आहे. उपास करणारी बाई "मी खाणार नाही" म्हणत नाही, ती म्हणते, "मला आज चालत नाही." कुठे तरी एक अदृश्य समिती बसली आहे, तिने साबुदाणा मंजूर केला आहे, भगर मंजूर केली आहे आणि पोहे फेटाळले आहेत. का, ते समितीला विचारायची सोय नाही, त्यामुळे पोह्यांशी वाद घालण्यात सकाळ जात नाही. २०१२ साली अमेरिकेत व्हेनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हाग्टवेट यांनी एक प्रयोग केला. मोहाच्या पदार्थासमोर काहींनी स्वतःला "मला खाता येणार नाही" असं बजावायचं आणि काहींनी "मी खात नाही" असं. निघताना खाऊ निवडायची वेळ आली तेव्हा "मी खात नाही" म्हणणाऱ्यांनी चॉकलेटऐवजी धान्याची वडी अधिक उचलली. आपल्याकडे गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी हेच करतो. तो मटण सोडण्याचा प्रयत्न वगैरे करत नसतो. तो माळकरी असतो. विषय संपला, लग्नाच्या पंगतीत त्याला कोणी आग्रहही करत नाही.

आग्रह न होणं ही मोठी गोष्ट आहे. चातुर्मासाच्या नेमाला घरातली दहा माणसं साक्षीदार असतात आणि त्यात एक सासू असते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सुरू केले, स्वतः आयुष्यभर घातले आणि त्यांच्यावर पुस्तकं लिहिली. राजाच नमस्कार घालत असताना प्रजेने पांघरुणात पडून राहायचं म्हणजे जरा अवघडच. आजच्या संकल्पाला ना राजा, ना सासू. मोबाइलमधलं एक हिरवं पाखरू रात्री नऊला "आज राहिलं!" म्हणून कळवतं, त्याला बोटाच्या एका फटक्याने उडवून लावता येतं. सासूच्या बाबतीत हा उपाय कोणी सुचवल्याचं ऐकिवात नाही.

अर्थात पारंपरिक नेम म्हणजे सगळं सोनं, असाही आव आणायला नको. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण कोणा परक्याने केलेली नाही. साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याची आमटी आणि रताळ्याचे काप, हा उपास सोडवायला दुसऱ्या दिवशी लंघन करावं लागतं. नेम अगदी चोख पाळला जातो. नेम धरला होता ते मात्र भलतीकडेच राहतं.

आता एकवीस दिवसांची गोष्ट. व्हॉट्सॲपवर पहाटे सुविचार पाठवण्याची सवय जडलेल्या काकांनी ती सर्वांपर्यंत पोचवली आहेच: कोणतीही गोष्ट एकवीस दिवस करा, सवय लागते. या आकड्याचं मूळ शोधत गेलं तर माणूस न्यूयॉर्कमधल्या एका प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात पोचतो. डॉ. मॅक्सवेल मॉल्ट्झ यांना दिसलं की, नाक नवं करून घेतलेल्या रुग्णाला आरशातलं नाक स्वतःचं वाटायला निदान एकवीस दिवस तरी जातात. हात किंवा पाय कापावा लागलेल्यांना तो अजून आहे असं वाटत राहतं, तेही साधारण तेवढेच दिवस. १९६० साली आलेल्या त्यांच्या 'सायको-सायबरनेटिक्स' या पुस्तकात हे निरीक्षण आलं, पुस्तक तुफान खपलं, आणि एका कानातून दुसऱ्या कानात जाताना 'निदान' हा शब्द गळून पडला. पुढे नाकही पडलं. आता उरला आहे तो निव्वळ एकवीस. पहाटे उठण्याचा आणि नाकाचा संबंध एरवी घोरण्यापुरताच, पण आकड्याला एकदा पाय फुटले की तो कोणाच्याही घरी मुक्काम करतो.

खरोखर मोजायला कोणी बसलं ते बऱ्याच उशिरा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना प्रत्येकी एकच बारीकशी गोष्ट बारा आठवडे करायला सांगितली: जेवणाबरोबर एक फळ, जेवणाबरोबर पाणी, सकाळच्या कॉफीनंतर पन्नास बैठका. रोज विचारायचं, आज हे आपसूक झालं की करावं लागलं? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा. पण खरी बातमी दोन टोकांत होती. एकाला १८ दिवस पुरले, तर एकाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. लागतील असा हिशेब, कारण प्रयोग ८४ दिवसांतच संपला होता. उरलेला रस्ता आलेखाची रेघ पुढे ओढून काढला. पाणी पिणाऱ्यांचं लवकर जमलं. बैठकावाल्यांचं काय झालं असेल, ते बैठका काढून पाहणाऱ्याला सांगायला नको.

हे आकडे आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरला लावून पाहावेत. १ जानेवारीला सुरुवात केली तर एकवीस दिवस भरतात २१ तारखेला, तोवर पर्वती रिकामी झालेली असते. सहासष्टावा दिवस ७ मार्चला येतो, शिमग्याच्या आसपास. आणि ज्याच्या नशिबी २५४ आले, त्याची सवय ११ सप्टेंबरला लागायची. त्याने गणपतीसमोर मोदक खाताना "बरं का, आजपासून मला गोड न खाण्याची सवय लागली" असं जाहीर करायचं.

या सगळ्या आकड्यांपेक्षा लॅलींच्या प्रयोगातली एक बारीक नोंद जास्त मोलाची होती, पण ती सुविचारात बसण्यासारखी नसल्यामुळे काकांपर्यंत पोचली नाही. मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. याउलट मानसशास्त्राचे आद्य आचार्य विल्यम जेम्स १८९० साली लिहून गेले होते की, सवय मुरेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नका; गुंडाळत आणलेला दोऱ्याचा गुंडा हातातून निसटला की एका क्षणात किती तरी वेढे उलगडतात. दाखला इतका चपखल की पुढची शंभरेक वर्षं तो खोटा असेल अशी शंका घेणं जड गेलं. आजही संकल्प बहुतेक याच समजुतीने मरतात. एक दिवस चुकतो, माणूस म्हणतो, गेलंच आता सगळं. आणि दोरा खरोखर किती उलगडला ते न पाहता गुंडाच खिडकीतून फेकून देतो.

ही दोऱ्याची गोष्ट तशीच धरून ठेवून मधेच जिममध्ये डोकावायला हवं, कारण पैसे तिथे भरलेले असतात.

पैसे भरले की माणूस जातो, हा मध्यमवर्गाचा आवडता सिद्धांत आहे. "वर्षाचेच भरून टाकतो, म्हणजे झक मारत जाईन." स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची हजेरी तपासली आणि २००६ साली या सिद्धांताचं पोस्टमॉर्टेम छापलं. महिन्याला ७० डॉलरहून अधिक भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा येत होते. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरहून जास्त पडत होते, आणि त्याच काउंटरवर दहा खेपांचा पास दहा डॉलर खेपेने मिळत होता! शेवटची चक्कर मारल्यावर सभासदत्व रद्द करायलाही लोकांना सरासरी दोन महिन्यांहून अधिक लागले. त्यांना आळशी म्हणणं सोपं आहे. पण हे आशावादी लोक होते. आपण उद्यापासून येणार यावर त्यांचा दोन महिने विश्वास होता, आणि त्या विश्वासाचं भाडं ते इमानेइतबारे भरत होते. आपल्याकडे हाच आशावाद घरी नांदतो. हॉलच्या कोपऱ्यात ट्रेडमिल उभी असते. सुरुवातीला तिच्यावर माणूस चालतो, मग टॉवेल वाळतो, आणि पावसाळ्यात तिच्याइतकी उपयुक्त वस्तू घरात दुसरी नसते.

दहा हजार पावलांचंही असंच. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, यामासा या जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपोकेइ', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल होता, कानाला बरा लागत होता. जाहिरातीला याहून काय हवं? २०१९ साली आय-मिन ली यांच्या गटाने अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्क स्त्रियांची पावलं मोजली. रोजच्या २,७०० पावलांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढेनासा झाला. तरीही रात्री पावणेबाराला हॉल ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या घालणारे गृहस्थ सोसायटी-सोसायटीत आहेत. बायको विचारते, "काय झालं, छातीत दुखतंय का?" ते म्हणतात, "नाही गं, तीनशे बारा राहिलीत." त्या तीनशे बारा पावलांपायी खालच्या मजल्यावरच्यांची झोप गेली तरी चालेल. नेम धरला होता तब्येतीवर, लागला आकड्याला.

वास्तविक सवय लावण्यात आपण सगळेच वस्ताद आहोत, फक्त ज्या लागल्या त्या न विचारता लागल्या. वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली लोकांना दर तासाला आपण काय करतोय ते लिहून ठेवायला लावलं, तेव्हा सुमारे ४३ टक्के गोष्टी रोज त्याच जागी, मन दुसरीकडे असताना होत असल्याचं दिसलं. २०११ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा पॉपकॉर्नचा प्रयोग तर नाट्यछटा करण्यासारखा आहे. चित्रपटगृहात काहींना ताजे पॉपकॉर्न दिले, काहींना सात दिवसांचे शिळे. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची सवय होती, त्यांनी शिळेही ताज्यांइतकेच फस्त केले. आवडले का? नाही, आवडले नाहीत. पण अंधार होता, पडदा होता, हातात पुडा होता. हाताने जिभेला विचारलंच नाही. मीटिंगच्या खोलीत बसवून गाण्याचे व्हिडिओ दाखवले तेव्हा मात्र अशी सवय असलेल्यांनाही शिळं समजलं. चित्रपटगृहातही सवयीचा हात सोडून दुसऱ्या हाताने खायला लावलं तेव्हा खाणं कमी झालं.

सरकारी कचेरीतला चारचा चहा कोणी चवीसाठी पितो असा समज असेल, तर तो चहा एकदा पिऊन पाहावा.

म्हणजे सवयीला ध्येय-बिय काही समजत नाही. तिला समजतं ते फक्त कशानंतर काय. स्टॅनफर्डचे बी. जे. फॉग आपल्याच सवयींचे किस्से सांगतात: स्वच्छतागृहातून बाहेर आलं की दोन पुशअप, दात घासले की एकाच दातात दोरा घालायचा, फक्त एका. ऐकणारा हसतो. पण जुन्या मराठी घरात संध्याकाळी याच सूत्रावर सगळा कारखाना चालायचा. दिवेलागण झाली की हात-पाय धुवायचे, धुतले की देवापुढे बसायचं, शुभंकरोती, मग परवचा, मग पावकी-निमकी-दीडकी. आणि तेवढं झालं की पान वाढलेलं. गजर नव्हता, डायरी नव्हती. सूर्य मावळला की पोराच्या तोंडून दीडकी बाहेर पडायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाला भात असायचा. मेथी निवडण्याचं कंटाळवाणं काम टीव्हीवरच्या मालिकेला बांधून टाकणाऱ्या आयांनाही हे गणित पाठ आहे. मिल्कमनबाईंनी २०१४ साली तेच केलं: खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्या ऐकायच्या तर जिममध्येच, बाहेर नाही. सुरुवातीला जाणं ५१ टक्क्यांनी वाढलं. मग नोव्हेंबरमधली थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि सगळं ओसरलं. तिकडेही "दिवाळी उरकू दे" आहेच म्हणायचं.

या क्षेत्रातले खरे पूर्वज मात्र बेंजामिन फ्रँकलिन. हा गृहस्थ विशीत असताना एके दिवशी नैतिकदृष्ट्या परिपूर्ण व्हायचं ठरवून मोकळा झाला. त्याने बारा सद्गुणांची यादी केली. ती एका क्वेकर मित्राला दाखवली, तेव्हा मित्राने सौम्यपणे कानावर घातलं की, लोक तुला गर्विष्ठ समजतात. मग तेरावा सद्गुण आला: नम्रता. प्रत्येक सद्गुणाला एक आठवडा, तेरा आठवड्यांचं एक आवर्तन, वर्षात चार. एक छोटी वही केली, तांबड्या शाईने रकाने आखले, उभे सात वार आणि आडवे तेरा गुण. चूक झाली की त्या घरात काळा ठिपका. ठिपके त्याच्या अपेक्षेपेक्षा बरेच निघाले. नव्या आवर्तनासाठी जुने खोडता खोडता वहीला भोकं पडली, म्हणून त्याने हस्तिदंती पानांची वही आणली, तिच्यावर शिसपेन्सिलने ठिपके काढायचे आणि ओल्या स्पंजने पुसायचे. परिपूर्णतेकडे जाणाऱ्या माणसाला न फाटणारा कागद लागला, यातच सगळं आलं.

सर्वांत जास्त छळलं ते टापटिपीने. वस्तू जागच्या जागी ठेवणं फ्रँकलिनला शेवटपर्यंत जमलं नाही. आत्मचरित्रात त्याने स्वतःची तुलना एका गिऱ्हाइकाशी केली आहे. या माणसाला नवी कुऱ्हाड धारेइतकीच सगळीकडे लख्ख हवी होती. लोहार म्हणाला, देतो की, तुम्ही सहाण फिरवा. फिरवून फिरवून गिऱ्हाइकाचे हात भरून आले, तेव्हा ठिपक्याठिपक्यांची कुऱ्हाडच आपल्याला जास्त आवडते, असा साक्षात्कार त्याला झाला. फ्रँकलिन म्हातारपणी हे सगळं हसत हसत सांगतो, आणि परिपूर्णता सापडली नाही तरी त्या खटाटोपाने आपण होतो त्याहून बरे झालो, असंही नोंदवतो. लक्षात घेण्यासारखं एवढंच की त्याच्या वहीत सद्गुणांची बेरीज कुठेच नव्हती. होते ते फक्त ठिपके. ती खाड्यांची वही होती.

खाडा! हा शब्द आज कुठे ऐकू येतो? कामावर न आलेल्या मजुराच्या हजेरीत, आणि त्याहून जास्त दुधाच्या हिशेबात. मराठी घरात १ जानेवारीला एक डायरी येते. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात पाच संकल्प असतात, ४ तारखेला "पाच किमी, छान वाटलं", ९ तारखेला नुसतं "गेलो", आणि त्यापुढे कोरं. मार्चमध्ये केव्हा तरी त्याच डायरीत धोब्याचे कपडे उगवतात. पण त्याच घराच्या भिंतीवर, १९७३ पासून मराठी भिंतींचा ताबा घेतलेल्या कालनिर्णयवर, बारा महिने एक नोंद बिनचूक चालू असते. चतुर्थी, प्रदोष, राहुकाळ यांच्या गर्दीत तारखेच्या चौकोनात पेन्सिलने: एक लिटर, एक लिटर, दीड (पाहुणे), एक, फुली. फुली म्हणजे गवळी आला नाही. खाडा.

आणि खाडा झाला म्हणून त्या घरात काय होतं? काहीच नाही. "एकदा खाडा झाला, आता दूध घेण्यात अर्थ नाही, पाडव्यापासून नव्याने सुरू करू" असं आजवर कोणत्याही गृहिणीने म्हटलेलं नाही. तेवढ्या दिवशी पिशवी आणली जाते, महिनाअखेरीस पैसे वजा होतात, गवळ्याला थोडं ऐकवलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी पातेलं पुन्हा दाराशी असतं. लॅलींना ९६ माणसं आणि बारा आठवडे लागले ते ओट्याशेजारच्या भिंतीवर पेन्सिलने लिहिलेलंच होतं, फक्त गवळ्याबद्दल. स्वतःचा खाडा मांडायची वेळ आली की मात्र तोच घरमालक विल्यम जेम्स होतो आणि दोऱ्याचा गुंडा खिडकीबाहेर फेकतो.

फेब्रुवारीतल्या एखाद्या गुरुवारी पर्वतीवर जावं. ना पाडवा, ना सोमवार, ना पहिली तारीख. गर्दी ओसरलेली असते, वर बाकांवर तेच चेहरे, तेच शेंगदाणे. अशात खालून धापा टाकत एक जण वर येतो. १ जानेवारीला पन्नासाव्या पायरीवर काळोखाचं सौंदर्य न्याहाळत उभे होते, ते हेच. बूट आता करकरत नाहीत, एकाची नाडी तुटून गाठ मारलेली आहे. मनगटावर घड्याळ नाही. चार्ज करायचं राहिलं असावं.

"मधे चार दिवस दिसला नाहीत," कानटोपीवाले विचारतात.

"खाडा झाला."

कानटोपीवाले मान हलवतात, जरा सरकून बाकावर जागा करतात आणि शेंगदाण्यांची पुडी पुढे करतात.